धुराचा हिशेब आणि आपली पट्टी



माल वाहणाऱ्या मोठ्या कंपन्या आता धुराचे वजन करू लागल्या आहेत. जर्मनीच्या डीएचएलने २०१७ साली जाहीर केले की, २०५० पर्यंत आम्ही धूर निव्वळ शून्यावर आणू. भाड्याने लावलेल्या ट्रकांचा धूरही ती आपल्याच खात्यावर धरते. हे रास्तच आहे. ट्रक कोणाचाही असो, हुकूम कंपनीचा.

हे वजन आपल्यालाही करता येते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा, कापसाचा ट्रक जाताना २५ लिटर पितो, रिकामा परतताना १५. एकूण ४० लिटर, म्हणजे १०८ किलो. रिकाम्या फेरीचे ४०.५ किलो ज्याने गाळले, त्याची वही खोटी.

कमी करायचे तर आधी ही रिकामी फेरी मोडा. परतीला ढेप, खत, बियाणे भरा. दुसरे, क्विंटलभर कापसात रुई साधारण ३४ किलो, बाकी बहुतेक सरकी. जिनिंग जवळ झाले तर दूरच्या गिरणीला फक्त गाठी जातील. सरकीचे वजन शेकडो किलोमीटर कशाला वाहायचे?

डिझेल वाचले की पैसा वाचतो. त्या बचतीत आमचा वाटा हवा. उलट नव्या गाड्यांचा खर्च आमच्या हिशेबपट्टीतून कापाल, तर ती वजावट आम्ही मानणार नाही. म्हणून या हंगामात प्रत्येक ट्रकचे लिटर आणि क्विंटल आपण आपल्या वहीत लिहू. वही हातात असेल, तरच बोलणी बरोबरीची होतील.