शिपाईमामांची चिठ्ठी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने फर्मान काढलं की प्रत्येकाने दहा मिनिटं आपल्या कामाविषयी बोलायचं. आपल्यातले डॉक्टर, वकील, शेती करणारे, यांचं बरं आहे. माझं काम माझ्या घरच्यांनाही नीट ठाऊक नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागतं. ग्रुपवर कुणाचं वायफाय बंद पडलं की फोन मला येतो आणि मी दरवेळी एकच उपाय सांगते, बंद करून चालू कर. आज जरा पुढचं सांगते. त्यात माझी एक चूकही आहे, आणि ती शाळेच्या भाषेतच चांगली सांगता येईल.

मी ड्रायव्हर लिहिते. गाडीचा नव्हे. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यातली एखादी चिप यांच्यामध्ये जो दुभाषा लागतो, तो प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. माझ्या वाट्याला आल्या आहेत त्या स्विच नावाच्या चिपा. घरच्या राउटरच्या मागे वायर खोचायला चार-पाच पोर्ट असतात ना? बहुतेक डब्यांत त्या प्रत्येकामागे वेगळं यंत्र नसतं. आत एकच स्विच चिप असते आणि तिच्यापासून मुख्य प्रोसेसरपर्यंत एकच वाट जाते.

आता आपली शाळा आठवा. पोर्ट म्हणजे वर्ग. प्रोसेसर म्हणजे मुख्याध्यापकांची खोली, तिला दार एकच. आणि स्विच म्हणजे सूचनावही घेऊन फिरणारे आपले शिपाईमामा. कोण कुठल्या वर्गात बसतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ज्या वर्गातून एखाद्याची चिठ्ठी आली, तो तिथला, असं ते मनात नोंदवून ठेवत. ठाऊक नसेल तर सगळ्या वर्गांत डोकावून येत. सातवीतली चिठ्ठी आठवीत द्यायची तर मुख्याध्यापकांना विचारायला ते कधी गेले नाहीत. स्विच हेच करते. एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर जाणारी माहिती ती परस्पर पोचवते, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. म्हणून तर हा स्वस्त, छोटा डबा एवढ्या वेगाने चालतो.

अडचण येते ती पत्र मुख्याध्यापकांकडेच जायचं असेल तेव्हा. एकाच दारातून सगळी पाकिटं आत येतात. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, पण ते कुठल्या वर्गातून आलं हे कसं कळणार? म्हणून स्विच पाकिटातच एक छोटी चिठ्ठी घालते, 'हे तीन नंबरच्या पोर्टवरून आलं'. माझा ड्रायव्हर ती चिठ्ठी काढून घेतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला असं भासवतो की तीन नंबरचं पोर्ट हे स्वतंत्र नेटवर्क कार्डच आहे. उलट दिशेला तोच चिठ्ठी घालतो, 'हे दोन नंबरला द्या'. आणि चिपला सूचना द्यायला, म्हणजे हे पोर्ट बंद कर, त्या दोघांना एका गटात घाल, असं सांगायला, दोन तारांची एक वेगळी वाट असते. मामांना बाजूला बोलावून सांगावं तशी.

लिनक्समध्ये ही पद्धत 2008 साली, 2.6.28 या आवृत्तीत आली. डिस्ट्रिब्युटेड स्विच आर्किटेक्चर असं तिचं भारदस्त नाव आहे, आम्ही डीएसए म्हणतो. सुरुवातीला ती मार्व्हेल कंपनीच्या चिपांसाठी होती. मग काही वर्षं ती जवळपास पडूनच होती. 2014 नंतर तिला पुन्हा हात लागला आणि इतर कंपन्यांच्या चिपाही तीत आल्या. त्याआधी स्विचसाठी वेगळं साधन, वेगळे आदेश शिकावे लागत. आता नेटवर्क कार्डाला जे आदेश चालतात तेच इथे चालतात. मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. वापरणाऱ्याला स्विच आहे हे कळायचीही गरज नाही.

आता चूक. आमचा एक डबा एका रुग्णालयात बसवला होता. एक्स-रेचं यंत्र आणि तिथलाच बघण्याचा कॉम्प्युटर, दोन्ही त्याच डब्याला जोडलेले. तिथे सगळं सुरळीत. पण तेच फोटो पलीकडच्या इमारतीतल्या सर्व्हरवर पाठवले की रुग्णाचं नाव पोचायचं, नंबर पोचायचा, फोटो मात्र येतच नसे. दोन रात्री तिथले तंत्रज्ञ अपघात विभागातले फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जिने चढत होते. आणि मी फोनवर ठामपणे सांगत होते, "आमचा डबा ठीक आहे, तुमचा सर्व्हर बघा. पिंग जातंय ना?" पिंग जातच होतं. माझ्या अहवालात तर पूर्ण वेगाने चाचणी यशस्वी झाल्याची नोंद होती, माझ्याच सहीची.

तिसऱ्या दिवशी मी प्रोसेसरकडच्या मोजणीचे आकडे बघितले. 'प्रमाणाबाहेर लांब पाकिटं' या नोंदीपुढचा आकडा फोटो पाठवला की उडी मारायचा. इथरनेटचं भरलेलं पाकीट जास्तीत जास्त 1518 बाइटचं. आणखी 4 बाइटची सवलत धरून प्रोसेसरच्या दारावरची फट 1522 ची ठेवलेली. आमच्या चिपची चिठ्ठी मात्र 8 बाइटची. 1518 आणि 8, झाले 1526. छोटी पाकिटं चिठ्ठीसकट आत जात. नाव जायचं, नंबर जायचा, पिंग जायचं. फोटोची भरगच्च पाकिटं दाराशीच गळून पडत, आणि कुणी तक्रारही करत नसे.

मग माझी चाचणी यशस्वी कशी झाली? मी टेबलावर दोन लॅपटॉप एकाच डब्याला जोडून मोठाल्या फाइली इकडून तिकडे पाठवल्या होत्या. ते काम शिपाईमामांनी परस्पर केलं. मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत एकही पाकीट गेलं नाही, चिठ्ठी एकदाही घातली गेली नाही. मी माझा ड्रायव्हर तपासतेय असं समजून दिवसभर चिपची चाचणी घेत बसले होते. गणिताचे सर वहीवर लाल शाईने 'रीत दाखव' असं लिहायचे. सर, इथे उत्तर बरोबर आलं होतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

दुरुस्ती म्हणाल तर एका ठिकाणचा एक आकडा वाढवला. आजच्या लिनक्समध्ये चिठ्ठीच्या जाडीचा हिशेब धरून फट मोठी करायची मागणी डीएसए स्वतःच करतं. तेव्हा ते मी करायला हवं होतं. त्या तंत्रज्ञांना मी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, जिने चढून गुडघे मोकळे झाले. पण फोटो येतायत ना आता?" येत होते.

तेव्हापासून नवा डबा हातात आला की पहिली चाचणी प्रोसेसर ओलांडून पलीकडे, आणि पिंग 1472 बाइटचं. त्यात 28 बाइटचं वेष्टन मिळवलं की बरोबर 1500 होतात, पाकीट काठोकाठ भरतं. ते गेलं तरच पुढचं काम.

समितीचे लोक घड्याळ दाखवतायत. वायफायच्या तक्रारी चहाच्या वेळी ऐकेन. येताना आधी बंद करून चालू करून या.