केबल न खोवता

कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकतो तो पेज नदीच्या जिवावर, आणि उन्हाळ्यात पेजेला पाणी असतं ते भिवपुरीच्या वीजकेंद्रामुळे. टाटांचं हे केंद्र 1922चं. वीज मुंबईकडे जाते आणि चाकं फिरवून मोकळं झालेलं पाणी पेजेतून राजनाल्याच्या कालव्याकडे. शेतात पाण्याचं दारं धरणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : दारं मोडलं नाही, तर पाणी रोजच्या वाटेनं जातं. घरच्या स्टुडिओतली पॅच बे याच न्यायानं चालते.

दिसायला ती एक लांबट पत्र्याची पेटी. रुंदी 19 इंच, पुढच्या अंगाला वरच्या ओळीत 24 भोकं, खालच्या ओळीत 24, आणि मागेही तितकीच. यंत्रांच्या तारा मागे एकदाच जोडायच्या. रोजची अदलाबदल पुढून, वीतभर केबलींनी. ही कल्पना टेलिफोन एक्स्चेंजातली. मुंबईत एक्स्चेंज आलं 1882 साली, आणि पुढे कितीतरी वर्षं माणसंच पिना खोचून एकाची लाइन दुसऱ्याला जोडून देत. त्याच पिनेचा वंशज म्हणजे आजचा पाव इंची जॅक.

पण ही वस्तू सगळ्यांना लागत नाही, हे आधी सांगायला हवं. नेरळ, कर्जत, चौक, खोपोली या पट्ट्यात कुणी घरी भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण करणार असेल, तर आवाज संगणकात नेणारा आठ चॅनेलचा इंटरफेस पुरे. बुवांना एक माईक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन. टाळांना वेगळा माईक देऊ नये. ते न बोलावताही सगळ्या माईकांत शिरतात. हे चारही माईक सरळ इंटरफेसच्या 1 ते 4 या खाचांत जावेत. यात पॅच बेचं काहीच काम नाही.

काम निघतं ते यंत्रं खाचांपेक्षा जास्त झाली की. घरात कीबोर्ड असतो, आवाजाचे चढउतार आवरणारा बाहेरचा कॉम्प्रेसर येतो, आणि आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या म्हणून माळ्यावरचा डेक खाली उतरतो. मग दर वेळी टेबलाखाली वाकून, टॉर्च तोंडात धरून तारा बदलणं आलं.

अशा वेळी 5 ते 8 या खाचा पॅच बेला द्याव्यात. रिवाज असा, की वरच्या ओळीत यंत्रांतून बाहेर पडणारा आवाज आणि खालच्या ओळीत यंत्रांत शिरणारा. पहिल्या दोन रकान्यांत वर डेकची डावी-उजवी बाजू, खाली इंटरफेसच्या 5 आणि 6 या खाचा. पुढच्या दोन रकान्यांत वर कीबोर्ड, खाली 7 आणि 8. पाचव्यात वर इंटरफेसचं तिसरं आउटपुट आणि खाली कॉम्प्रेसरचं तोंड. सहाव्यात वर कॉम्प्रेसरचा निकास, खाली काही नाही.

आता खरी गंमत. हे रकाने हाफ-नॉर्मल ठेवले, तर पुढे एकही केबल न खोवता डेक 5-6वर आणि कीबोर्ड 7-8वर आपोआप पोचतो. ही रोजची वाट. कॉम्प्रेसरमधून फिरून आलेला आवाज सातव्या खाचेत हवा असेल, तर सहाव्याच्या वरच्या भोकातून तिसऱ्याच्या खालच्या भोकात एक केबल लावायची. खाली पिन बसली, की कीबोर्डची ती वाट तुटते, दारं मोडलं. वरच्या भोकात पिन घातल्यानं मात्र वाट तुटत नाही, आवाजाला आणखी एक फाटा फुटतो. फुल-नॉर्मलमध्ये वर किंवा खाली, कुठेही पिन घाला, वाट तुटते. थ्रूमध्ये मुळात रोजची वाटच नसते. एक आवाज दोन ठिकाणी नेता येतो, पण दोन यंत्रांचे निकास एका तोंडात कोंबू नयेत. एकत्र करायला मिक्सर असतो.

माईक पॅच बेमधून नेण्याचा मोह आवरावा. कंडेन्सर माईकला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर चालू असताना पाव इंची जॅक आतबाहेर केला, तर पिनेचं टोक सरकता सरकता नको त्या पट्टीला टेकतं आणि क्षणभर शॉर्ट होतो. त्यात इंटरफेसमधला प्रीअँप दुखावू शकतो. रिबन माईक असेल तर तोही. अँप्लिफायरहून स्पीकरला जाणारी तारही इथे चालत नाही. पॅच बे लाइन लेव्हलची, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप. केबली तीन पट्ट्यांच्या, म्हणजे टीआरएस घ्याव्यात, आणि त्या बदलताना स्पीकरचा आवाज खाली आणावा.

मग येतो पाऊस. माथेरानच्या पायथ्याशी जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे भोकातल्या बारीक स्प्रिंगच्या पट्ट्या कशा चकचकीत राहतील? आवाज खरखरतो, एक बाजू जाते, आणि माणूस इंटरफेस दुरुस्तीला पाठवायला निघतो. त्याआधी त्याच रकान्यात वरून खाली एक केबल लावून पाहावी. आवाज स्वच्छ आला, तर इंटरफेस ठणठणीत आहे. गंजलीय ती आतली पट्टी. प्रत्येक भोकात पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली तर बहुतेकदा काम भागतं. नाहीच भागलं तर काँटॅक्ट क्लीनर पिनेवर थोडा फवारावा. भोकात धार सोडू नये.

आणखी एक. कुठल्या भोकात काय आहे, ते त्याच दिवशी पट्टी चिकटवून मराठीत लिहावं : डेक डावा, डेक उजवा, कीबोर्ड. दिवाळीत ते आठवत नाही.