धर्म, विज्ञान आणि अस्तित्वाचे सत्य

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विश्व कोठून आले, जीव म्हणजे काय, माणसाच्या वाट्याला दुःख का येते, हे प्रश्न फार जुने आहेत. त्यांचा उलगडा धर्म अधिक चांगला करतो की विज्ञान, हा वादही तितकाच जुना. हा वाद सभागृहात रंगतो, दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात आणि बहुधा कोणाचेही मत न बदलता तो संपतो. कारण दोन्ही पक्ष ढगांत बोलत राहतात. म्हणून या प्रश्नाची चर्चा कोकणच्या भूमीवर घडलेल्या एका घटनेपासून सुरू करणे अधिक उपयुक्त होईल.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रास स्थितीचा पट्टा विजयदुर्गावरून गेला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वी विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिर्विद आपली उपकरणे घेऊन तेथे आले होते आणि 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरील लोक त्यांच्या मदतीला होते. त्याच दिवशी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊर येथून वेध घेत होते. एकीकडे सूर्याच्या प्रभामंडळाचे फोटो घेण्याची ही तयारी, तर दुसरीकडे वेध पाळणे, शिजलेल्या अन्नावर तुळशीपत्र ठेवणे, स्पर्शाचे व मोक्षाचे स्नान करणे आणि गर्भवतीला अंधाऱ्या खोलीत बसवणे, ही गावोगावची परंपरा. एकाच सूर्याकडे माणसे दोन निराळ्या रीतींनी पाहत होती.

परंतु येथेच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ग्रहण कधी लागणार हे लॉकियर यांना जसे ठाऊक होते, तसे ते गावच्या भटजींनाही ठाऊक होते. पंचांगात ते छापलेले होते. मग पंचांग हे धर्माचे की विज्ञानाचे?

या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्याच एका सुपुत्राने देऊन ठेवले आहे. दापोली तालुक्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी, या ग्रहणानंतर तीन महिन्यांच्या आत, ते वारले. वेदांगकाळापासून आपल्या देशातील गणित कसे बदलत गेले, जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली म्हणजे ज्योतिषी तिला 'बीजसंस्कार' देऊन कशी दुरुस्त करीत, हे त्या ग्रंथात साधार मांडलेले आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. पंचांगातील जो भाग खरा ठरतो, तो पूर्वजांनी आकाशाकडे पाहून वारंवार दुरुस्त केलेला भाग होय. विटाळ, दान, स्नान हे त्या गणितावर मागाहून चढवलेले कर्मकांड आहे. ग्रहणाची वेळ अचूक निघते म्हणून ग्रहणाचा विटाळही खरा, हे अनुमान म्हणजे घड्याळ बरोबर चालते म्हणून घड्याळजीचा मुहूर्तही बरोबर मानण्यासारखे आहे.

ज्ञान आणि शब्दप्रामाण्य यांचा झगडा आपल्याकडे पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आला, असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. चंद्राच्या आणि पृथ्वीच्या छायेमुळे ग्रहणे होतात, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले. सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताला ते पूर्णपणे ठाऊक होते. त्याचे गणित छायेवरच उभे आहे. तरीही श्रुतिस्मृतींशी विरोध नको म्हणून त्याने राहूची बाजू उचलून धरली. अकराव्या शतकात अल्बिरुनी याने नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. एवढा मोठा गणिती स्वतःला ठाऊक असलेले सत्य सांगताना अडखळतो, याचा दोष केवळ त्याच्या स्वभावावर टाकून भागणार नाही. ग्रंथाला आव्हान देणाऱ्याची प्रतिष्ठा आणि कधी कधी उपजीविकाही धोक्यात येईल अशी ज्या समाजाची रचना असते, त्या समाजात सत्याचे हेच होते.

विज्ञानाच्याही दंतकथा असतात

आता दुसरी बाजू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' पुरावा म्हणून दाखवले जातात आणि अलीकडे तेथे त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १८६८ च्या त्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तेथूनच केले. विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ साली. दोन ग्रहणे लोकांच्या स्मरणात एकमेकांत मिसळून गेली.

ही दंतकथा विज्ञानाचा गौरव करणारी असली तरी दंतकथाच आहे. ती पाठ करणारा माणूस विज्ञाननिष्ठ ठरत नाही. मात्र ती तपासण्याची सोय आहे. लॉकियर यांनी कोठून, कोणत्या दिवशी, कोणत्या उपकरणाने काय पाहिले, याची नोंद छापलेली आहे आणि ती कोणालाही पाहता येते. चूक दाखवणाऱ्यावर बहिष्कार पडत नाही. श्रद्धेच्या क्षेत्रात हीच मोकळीक क्वचित मिळते.

खुद्द हेलियमची कथाही हेच शिकवते. सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या रेषांजवळ एक पिवळी रेषा दिसली. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती नव्या मूलद्रव्याची असावी, हे म्हणणे अनेक शास्त्रज्ञांनी मान्य केले नाही. सत्तावीस वर्षांनी, १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना तोच वायू पृथ्वीवरील एका खनिजात सापडला आणि वाद मिटला. पुढे १९२० साली मेघनाद साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचा त्यांच्या तापमानाशी असलेला संबंध समीकरणात बांधला. १९२५ साली सिसिलिया पेन यांनी तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे बनलेले असल्याचे दाखवले. हायड्रोजनचे हेलियम होताना सूर्याला ऊर्जा कशी मिळते, हे १९३९ साली हान्स बेथे यांनी मांडले. आपल्या रक्तातील लोह कोणे एके काळी ताऱ्यांच्या पोटात घडले, हे आज निश्चितपणे सांगता येते. माणूस आणि विश्व यांच्या एकत्वाची भाषा अनेक संतांनी केली. त्या एकत्वाचा तपासता येईल असा पुरावा मात्र वर्णपटाने दिला.

या विश्वाच्या आरंभाविषयी शास्त्रज्ञांचे एकमत नेहमी होते असे नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह स्थिर विश्वाच्या सिद्धान्तावर काम केले. १९६५ साली विश्वातील सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी २०२५ साली निधन होईपर्यंत आपल्या शंका सोडल्या नाहीत. त्यांना कोणी पाखंडी ठरवले नाही, की त्यांचे ग्रंथ बुडवले नाहीत. मतभेद निरीक्षणाने सुटतील तेव्हा सुटतील, तोवर 'ठाऊक नाही' असे म्हणण्यात कमीपणा मानायचा नाही, ही विज्ञानाची रीत आहे. धर्मांपाशी आरंभाची उत्तरे तयार आहेत. पण एका धर्माचे उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवण्याची, सर्वांना मान्य होईल अशी कसोटी कोणापाशीही नाही.

दुःखाचा प्रश्न

यावर धर्माभिमानी विचारतील, 'तारे कशाचे बनले हे कळून रडणाऱ्या आईचे सांत्वन होते काय?' हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कोणत्याही समीकरणातून करुणा निघत नाही. काय आहे हे विज्ञान सांगते. काय असावे हे माणसांना ठरवावे लागते. या जिल्ह्यातील पालगडचे साने गुरुजी मनाने भाविक होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. त्यांच्या उपोषणामागची प्रेरणा प्रयोगशाळेतून आलेली नव्हती. पण त्यांना विरोध करणारेही शास्त्राचाच आधार घेत होते. म्हणजे धर्माच्या दोन अर्थांपैकी कोणता स्वीकारायचा, हा निवाडा अखेर माणसाच्या विवेकालाच करावा लागला.

'धर्म' या शब्दाचे एक कसब असे की विज्ञानाने हरकत घेतली म्हणजे तो नीतीच्या आणि भक्तीच्या आश्रयाला जातो. हरकत घेणारा निघून गेला की पुन्हा सृष्टीची उत्पत्ती, जन्मजात उच्चनीचता आणि पूर्वकर्म यांविषयी अधिकारवाणीने बोलू लागतो. दुःखाच्या प्रश्नाबाबत तर हे विशेष घडते.

कोकणातील खोतीचे उदाहरण पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या कूळ जमीन कसत होते, पिकाचा मोठा वाटा खोताला देत होते, वेठ करीत होते. 'आपण असे का?' या प्रश्नाला त्याला मिळणारे उत्तर होते, प्रारब्ध. हे उत्तर दिलासा देणारे होते, यात शंका नाही. परंतु त्याच वेळी ते खोताच्या फार सोयीचेही होते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तोच प्रश्न अर्थशास्त्रज्ञाच्या रीतीने विचारला. जमीन कोणाच्या नावावर, वसूल कोण करतो, कायदा कोणाला संरक्षण देतो? १९३७ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला आणि अखेर १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. प्रारब्ध म्हणून जे शिकवले गेले, ते कायद्याच्या काही कलमांनी बदलले. त्या कुळाच्या अस्तित्वाचे मूलभूत सत्य ग्रहगोलांत नव्हते. ते सात-बाराच्या उताऱ्यावर होते.

नवे शब्दप्रामाण्य

परंतु विज्ञानाचे नाव घेऊनही हेच घडू शकते, याचा विसर पडता कामा नये. राजापूर तालुक्यातील माडबन-जैतापूर येथे ९,९०० मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प आणण्याचे ठरले तेव्हा मच्छीमारांनी आणि बागायतदारांनी प्रश्न विचारले. समुद्रात सोडले जाणारे उष्ण पाणी, भूकंपाचा धोका, अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी, हे सर्व प्रश्न विज्ञानाचेच होते. त्यांना अनेकदा मिळालेले उत्तर मात्र 'तज्ज्ञांनी पाहिले आहे, तुम्हाला त्यातले काय कळते?' अशा थाटाचे होते. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. प्रकल्प चांगला की वाईट, याविषयी जाणकारांत मतभेद असू शकतात. पण प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणारा तज्ज्ञ आणि शंका घेणाऱ्याला पापी ठरवणारा शास्त्री, हे एकाच जातकुळीचे आहेत. विज्ञान ही तपासण्याची पद्धत आहे. तिची गादी झाली की तीही पोथीच होते.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. जग कसे आहे, हे जाणण्याच्या कामी विज्ञानाच्या पद्धतीला तोड नाही, आणि धर्मग्रंथांचे या बाबतीतले दावे इतर कोणत्याही दाव्यांप्रमाणे तपासले गेले पाहिजेत. जग कसे असावे, हे ठरवताना संतांच्या करुणेचा वारसा मोलाचा आहे. तथापि तोही विवेकाच्या आणि समतेच्या कसोटीवर घासूनच स्वीकारावा लागेल. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. त्या कर्तव्याची किंमत डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात आपल्या प्राणांनी चुकवली.

कार्यकर्त्यांच्या दृष्टीने याचा व्यवहारातील अर्थ काय? १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मुंबईसारख्या शहरातले रस्तेही भीतीने ओस पडले होते. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी पावसाळी ढग असतील, नसतील. पण गावोगावच्या शाळांत पुठ्ठ्याला छिद्र पाडून भिंतीवर सूर्याची प्रतिमा कशी पाहावी हे आधीच दाखवता येईल, उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा खरा धोका समजावून सांगता येईल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेध लागले म्हणून एखाद्या वस्तीतील गर्भवतीला अन्नपाण्यावाचून एका जागी बसवून ठेवले जात असेल, तर तिच्या सासूची टिंगल न करता तिच्या शेजारी बसून, आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन, त्या बाईला वेळेवर जेवू घालता येईल. सूर्यावर सावली कशामुळे पडते, हे सांगून झाल्यावर जे काम उरते ते हे आहे.