‘ढ’ म्हणण्यापूर्वी



एखादे मूल ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, पण पुस्तक हाती दिले की ‘ब’ आणि ‘व’ यांत अडखळते. आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळ्या होतो. माझ्या धाकट्याला मीही म्हटले, हातही उगारला. तो आळशी नव्हता. त्याला अध्ययन-अक्षमता होती. त्या माराची मला आज लाज वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ही अडचण धरली आहे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. मात्र केवळ दाखल्यासाठी दहावीपर्यंत थांबू नका. दुसरी-तिसरीतच लक्ष दिले, तर वाचन पुष्कळ सुधारते. आपल्या वाशीतच महापालिकेचे ई.टी.सी. केंद्र दिव्यांग मुलांसाठी आहे. तेथे चौकशीला जाण्यात कमीपणा कसला?

आपणही आठवड्यातून दोन दुपारी मंडळाच्या खोलीत अशा मुलांना जवळ बसवून, न रागावता, त्यांच्याबरोबर वाचू या. ज्यांना सवड असेल त्यांनी आजच नाव द्यावे. पहिले नाव माझे लिहा.