कंठग्रंथीचा रस आणि पेशींचा व्यापार

नर्मदेच्या दक्षिण तीरीं, सातपुड्यांत वसलेलें मणिबेली हें गांव १९९३ च्या सुमारास सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळें देशभर माहीत झालें. पाण्याची ती करणी सर्वांना दिसली. डोंगराळ मुलखांत पाण्याची आणखी एक करणी मुकाट्यानें चालूं असते. पावसाचे लोट मातीबरोबर आयोडीनही धुऊन नेतात. मग तेथल्या धान्यांत व भाजीपाल्यांत तें पुरेसें उतरत नाहीं, आणि माणसांच्या गळ्यावर गांठ दिसूं लागते. हाच गलगंड. सातपुड्याच्या परिसरांतही त्याची नोंद झालेली आहे.

गांठ हें बाहेरचें लक्षण होय. खरी उणीव शरीरांतील पेशींना जाणवते. प्रत्येक पेशीभोवतीं अतिशय पातळ पटल असतें. बाहेर सोडियम अधिक व आंत पोटॅशियम अधिक, अशी तेथें वांटणी असते. ती टिकविण्यासाठीं पटलांत जणूं पंप बसविलेले असतात. एका फेरींत सोडियमचे ३ कण बाहेर जातात व पोटॅशियमचे २ आंत येतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनीं १९५७ सालीं खेकड्याच्या मज्जातंतूंवरून याचा शोध लावला. हृदयाचा ठोका व स्नायूंची हालचाल या वांटणीवरच चालते.

कंठग्रंथीचा रस रक्तावाटे पेशींत शिरतो व पुष्कळ अवयवांत नवे पंप घडवून घेतो. पंप वाढले कीं इंधन अधिक जळतें व ऊब निर्माण होते. रस कमी पडला तर थंडी सोसत नाहीं, नाडी मंदावते, अंग जड होतें. रस अति झाला तर क्वचित् पोटॅशियम रक्तांतून स्नायूंत इतकें ओढलें जातें कीं धडधाकट माणसालाही पाय उचलवत नाहीं.

नवल असें कीं, आयोडीन ग्रंथींत शिरतें तेंही याच वांटणीच्या बळावर: सोडियमच्या २ कणांबरोबर त्याचा १ कण आंत जातो. परंतु रक्तांत आयोडीनच अपुरें असेल, तर ग्रंथीनें ओढावें तरी काय?

गर्भवतीच्या बाबतींत ही उणीव सर्वांत घातक. बाळाच्या मेंदूची घडण प्रथम आईच्या रसावरच अवलंबून असते. तेव्हां झालेली मोठी हानि पुढें भरून येत नाहीं. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरे, गर्भवतीला सुमारें २५०. यासाठींच १९६२ पासून भारतांत आयोडीनयुक्त मिठाची योजना आहे. तें मीठ झांकून ठेवावें, त्याला ओल लागूं देऊं नये. शहरांतल्या फडताळांत तें सहज असतें. डोंगरांतल्या आठवड्याच्या बाजारांतही तें तितक्याच सहज मिळालें पाहिजे, कारण पुढील पिढीची बुद्धि त्या चिमटीवर अवलंबून आहे.