इनामगावची कणगी



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'आद्य शेती आणि प्राचीन समाज'. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, गॉर्डन चाइल्डची नवाश्मयुगीन क्रांती, हे सगळं पुणेकरांना ठाऊक असतं. नसलं तरी तसं कबूल करणारा या सभागृहात सापडायचा नाही. (हशा) तेव्हा मी थेट नगर रस्त्याला लागतो. वाघोलीच्या कोंडीतून जिवंत सुटलो की शिक्रापूर, मग न्हावरे, आणि पुढे शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांची ही कामगिरी. इ.स.पू. १६०० च्या सुमारास इथं शेतकरी वस्तीला आले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे तीन थर. त्या खापरांवर मी बोलायला लागलो तर सकाळ होईल, म्हणून पुढे जातो.

शेतीनं समाज घडवला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नांगर येतो. माझ्या डोळ्यांपुढे कणगी येते. पेरतात सगळेच. पण पिकलेलं आठ-दहा महिने टिकवायचं, उंदरापासून, ओलीपासून आणि भावकीपासून, तिथं खरा समाज सुरू होतो. कोणी राखायचं, कोणी मोजायचं, कोणाला द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि ठरवणारा हळूहळू बाकीच्यांच्या वर बसतो. माझे मित्र म्हणतात, याला जिथंतिथं कणगीच दिसते. दिसते. आधी पुरावा ऐका, मग हसा.

इनामगावच्या लोकांचं मुख्य पीक जव. जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि आपला कुळीथ, म्हणजे शिरूरकडचा हुलगा. घरांत धान्य साठवायचे खड्डे सापडले, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे सापडले. हे झालं घरोघरचं. पण पूर्व जोर्वे काळात वस्तीच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचं घर आहे आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कुंभार आणि इतर कारागीर मात्र वस्तीच्या कडेला. पाच खोल्या! आज सदाशिव पेठेत ज्याच्याकडे पाच खोल्या आहेत त्याच्याशी आपण कसे बोलतो, ते आठवा. (हशा)

आता त्या घराच्या अंगणात या. तिथं कच्च्या मातीचा एक मोठा रांजण पुरलेला होता, चार पायांचा, फुगीर पोटाचा. आत चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष, मांडी घालून बसवलेला. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना सहसा आडवं निजवत, डोकं उत्तरेला, आणि पावलं तोडलेली असत. मुलांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. या माणसाची पावलं मात्र शाबूत आहेत. हा गावचा प्रमुख असावा, असं उत्खननकारांना वाटलं. त्या रांजणात कोणाला आईचं पोट दिसतं. दिसो. मला त्यात धान्याचा रांजण दिसतो. ज्याच्या अंगणाला लागून कोठार, त्याला मेल्यावरही कणगीतच बसवला! पुढच्या रांगेत डेक्कन कॉलेजमधले दोघे मान हलवताहेत. होकाराची मान नाही, हे मला इथून दिसतंय. (हशा)

पण कोठारवाला मोठा का होतो, हे हाडांवरून कळत नाही. ते मला करमाळा तालुक्यातल्या आजोळी कळलं. तिथं आजोबांचं ज्वारीचं पेव होतं. अरुंद तोंड, खाली रुंद पोट, आतून कडबा आणि भुसा लावलेला, वर दगड आणि माती. दोन-दोन वर्षं ज्वारी आत राहायची. ज्येष्ठात ते उघडायचं. दगड सरकवला की आंबूस वास अंगावर यायचा आणि सगळे मागे सरायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला की कोणी उतरायचं नाही. आत विषारी हवा. बाभळीचा फाटा तोंडाशी हलवत, घोंगडीनं वारा घालत दुपार व्हायची. कंदील तग धरू लागला की एखादा बारका पोरगा कमरेला दोर बांधून खाली. तो बहुतेक वेळा मी. (हशा) कडेची ज्वारी काळी, ढेपाळलेली, मधली पांढरीशुभ्र. माझं सगळं लक्ष खालच्या अंधाराकडे असायचं. वर काय चाललंय ते पुढे मोठेपणी ध्यानात आलं. पेवाच्या तोंडाशी आजोबा पायली घेऊन बसलेले आणि समोर निम्मं गाव रिकामी पोती घेऊन उभं. धान्य मिळायचं ते दिढीनं. आज पायली न्या, सुगीला दीड पायली घाला. आजोबा वाईट नव्हते. पण त्या दिवशी त्यांच्याशी वर मान करून कोणी बोलत नसे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांची वाताहत झाली, त्यांचीही एक गोष्ट...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे हरिपूर गेलं. पुण्यात व्याख्यानांचं पेव फुटलंय, पण वेळेची साठवण अजून कोणाला जमली नाही. (हशा, टाळ्या)

तेव्हा मुद्द्याचा पुरावा. इनामगावात पुराचं पाणी वळवणारा पाट सापडला, सुमारे चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, आणि त्याला बांध. ही एका घराची मेहनत नव्हे. बहात्तरचा दुष्काळ आठवणाऱ्यांनी हात वर करा. पाहा, अर्धं सभागृह. तुम्ही मायलो खाल्लात, सुकडी खाल्लीत, आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. पोट रिकामं असेल तर माणूस खणतो, पण खणायला बसवणाऱ्याजवळ धान्य असावं लागतं. त्या अनुभवातून १९७७ साली आपण रोजगार हमीचा कायदा केला. योगायोग असा, की त्याच वर्षांत इनामगावची माती उपसली जात होती. तो पाट खणणाऱ्यांना कोठारातला जव मिळाला असणार, असं माझं म्हणणं आहे. 'असणार' हा शब्द मी जाणून वापरतोय. उद्या वर्तमानपत्रात 'सिद्ध केले' छापू नका.

सुमेरमधल्या जुन्यात जुन्या मातीच्या पाट्या उचला. काव्य फार पुढचं. आधी जवाचे हिशेब, कोणाला किती शिधा दिला याचे. लेखनकलाच मुळी कोठाराच्या दारात जन्मली. इनामगावकरांनी लिहिलं नाही, पण मोजलं नसेल असं मला वाटत नाही.

शेवटचा थर घाईत सांगतो, कारण अध्यक्ष आता घड्याळ काढून टेबलावर ठेवताहेत. इ.स.पू. १००० नंतर चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. गव्हाची शेती आटते, शिकार वाढते. मुलांच्या हाडांचा अभ्यास झाला. शेवटच्या काळातली मुलं आधीच्यांपेक्षा खुरटलेली निघाली. पाऊस कमी झाला म्हणून की जमिनीचा कस गेला म्हणून, यावर विद्वानांत वाद आहे आणि तो चालू राहो, त्यावर काहींचं पोट आहे. (हशा) मला एवढंच दिसतं, की कोठार रिकामं झाल्यावर प्रमुखाच्या हातात गाव धरून ठेवायला काही उरलं नाही. नांगर होता, बैल होते, नदी होती. माणसं निघून गेली.

म्हणून कोणत्याही संस्कृतीची थोरवी ऐकलीत की आधी हे विचारा: तिथं धान्य कोणाच्या ताब्यात होतं, आणि टंचाईच्या साली ते कोणत्या अटीवर बाहेर निघालं? फुकट निघालं, मजुरीवर निघालं की दिढीनं? त्या उत्तरात तिचा राजा, देव आणि कायदा बराचसा येऊन जातो.

तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी मघापासून हात वर धरलाय. हडप्पा विचारणार, हो ना? तिथलं कोठार म्हणून दाखवतात त्या इमारतीत धान्याचा एक दाणा सापडलेला नाही, हे मला माहीत आहे. ती इमारत मी माझ्या बाजूनं मोजलेलीच नाही. तरीही भांडायचं असेल तर चहा होईपर्यंत मी खालीच आहे.