गायरानाची नाडीपरीक्षा



खारघरच्या नागरिकांपुढे गायरानाच्या मातीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणीही करील. परंतु १९७० साली सिडको स्थापन झाली, तिच्या आधी या परिसरात भातखाचरे, मिठागरे व चराऊ माळ होते, आणि आजही रायगड जिल्ह्यात गुरे गायरानावर चरतात.

शेताच्या मातीची परीक्षा आता होऊ लागली आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तीत नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, सामू अशा १२ गोष्टी तपासतात. पण पत्रिका निघते शेतकऱ्याच्या नावाने. गायरान साऱ्या गावाचे. त्याची माती घेऊन प्रयोगशाळेत जायचे कोणी? कारखान्यातही आम्ही हेच पाहत आलो: मालाची मोजदाद रोज, कामगाराच्या छातीची क्वचित. दूध लिटरवर मोजतात. माती किती झिजली ते कोणी लिहीत नाही.

शिवाय गायरानाचा मुख्य रोग त्या १२ गोष्टींत दिसेलच असे नाही. ओल्या जमिनीवर गुरांचे खूर पडत राहिले, की मातीतली छिद्रे मिटतात. पाणी मुरत नाही. वाहते, आणि वरचा कसदार थर घेऊन जाते. मग चांगले गवत हटते आणि गुरे तोंड लावीत नाहीत असा टाकळा माजतो.

याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा जमिनीत थोडा ठोकावा, दोन बोटे पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ पाहावा. तसेच कुंपणाआड, जेथे गुरे जात नाहीत तेथे करावे. दोहोंतील फरक हेच निदान. फावड्याने वीतभर माती उकरून मुळे किती खोल गेली व गांडुळे आहेत की नाहीत तेही पाहावे. प्रयोगशाळेसाठी नमुना घ्यायचा तर १०–१५ जागांची माती एकत्र करावी. शेणाची जागा व गुरे बसतात ती झाडाखालची जागा टाळावी, नाहीतर कस खोटा दिसेल.

उपाय म्हणजे विश्रांती. पहिल्या पावसात गवताला वाढू द्यावे, माळाचे भाग पाडून आळीपाळीने चारावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त लावली.

हा खटाटोप का? उघडा पडलेला माळ 'पडीक' ठरवायला सोपा आणि पडीक ठरलेला माळ दुसऱ्याच्या घशात घालायला त्याहून सोपा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. पण कायदा जमीन राखील. तिचा कस राखणे आपल्याच हाती आहे. ज्याची नोंद नाही त्याची मजुरी बुडते, हे कामगाराला ठाऊक आहे. तेव्हा आपापल्या मूळ गावच्या गायरानाची ही नोंद येत्या पावसाळ्यात सुरू करा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.